मांजराला मोदक गोड का लागत नाही

गणेश चतुर्थीला गुहागरच्या आमच्या घरी मोदक उकडताना दरवर्षी एखादा तरी फुटतो आणि फुटलेला मोदक मागील दारी जातो. तेथे बसलेला कुत्रा तो एका घासात संपवतो आणि पुढचा कधी फुटेल याची वाट पाहत राहतो. मांजरही येते, हुंगते, वरून सोडलेले तूप तेवढे चाटून घेते आणि गूळखोबऱ्याचे सारण जसेच्या तसे टाकून निघून जाते. हेच मांजर, गणपती गेल्यावर घरात पहिला बांगडा आला आणि विळी मांडली गेली की, असेल तेथून धावत येते. घरातील वडीलधारी माणसे याला मांजराचा नखरा म्हणत आली आहेत. तो नखरा नाही. गोड नावाची चव असते हेच मांजराला ठाऊक नसते. त्याच्या जिभेला गूळ आणि ओली वाळू यांत केवळ स्पर्शाचा फरक जाणवतो.

बोलताना आपण चव पदार्थाच्या पदरी टाकतो. गूळ गोड, कारले कडू, कोकम आंबट, असे म्हणतो. परंतु साखरेच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे अणू असतात. गोडी नावाचा घटक त्यात कोठेही नसतो. तो रेणू जिभेवरील एका विशिष्ट प्रथिनाला चिकटतो, ते प्रथिन पेशीला जागे करते, पेशी चेतातंतूमार्फत मेंदूला वर्दी देते आणि मग मेंदू जे अनुभवतो त्याला आपण गोड म्हणतो. या प्रथिनांना शास्त्रीय मराठीत ‘ग्राही’ म्हणतात. ज्या प्राण्याकडे ग्राही आहे त्याच्यासाठी ती चव आहे, ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी ती जगातच नाही. (कोकणात खवलेल्या ओल्या नारळालाही ‘चव’ म्हणतात आणि तो पुल्लिंगी असतो, या लेखातील चव स्त्रीलिंगी आहे, एवढे कोकणी वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

आरशात जीभ पाहिली तर तिच्यावर बारीक उंचवटे दिसतात. त्यांना अंकुरक म्हणतात. त्यांतील बहुसंख्य अंकुरकांचा चवीशी काही संबंध नसतो. ते जिभेला खरखरीतपणा देतात, आणि मांजराने हात चाटला की जी कानस फिरल्यासारखी वाटते ती त्यांचीच. उरलेल्या अंकुरकांत रुचिकलिका असतात. रुचिकलिकेचा आकार लसणीच्या गड्डीसारखा असतो: ५० ते १०० लांबट पेशी पाकळ्यांसारख्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात आणि त्यांची टोके वरच्या एका सूक्ष्म छिद्राशी येऊन लाळेत बुडालेली असतात. माणसाच्या तोंडात अशा काही हजार कलिका असतात. गाईच्या तोंडात सुमारे २५,००० आणि मांजराच्या तोंडात ५०० हूनही कमी असतात. दिवसभर नाना प्रकारचा पाला चरणाऱ्या जनावराला प्रत्येक घासाची पारख करावी लागते, तर आयते मांस खाणाऱ्याला तेवढी चौकशी करण्याचे कारण पडत नाही. या पेशी सरासरी दहाएक दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात, म्हणूनच गरम पेजेने भाजलेली जीभ आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा ताळ्यावर येते.

जिभेच्या शेंड्याला गोड, कडांना आंबट आणि मुळाशी कडू लागते, असा नकाशा आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलेला आहे. तो चुकीचा आहे. १९०१ साली एका जर्मन संशोधकाने जिभेच्या निरनिराळ्या भागांतील संवेदनशीलतेत आढळलेले किरकोळ फरक नोंदवले होते. पुढे त्या आकडेवारीची मांडणी अशी झाली की किरकोळ फरकांचे जणू स्वतंत्र प्रांतच झाले. प्रत्यक्षात जेथे रुचिकलिका आहेत तेथे सर्व चवी कळतात. मिठाचा खडा जिभेच्या शेंड्यावर ठेवून कोणीही खात्री करून घ्यावी.

आता ग्राहींकडे वळू. २००० सालाच्या आसपासच्या तीन-चार वर्षांत सस्तन प्राण्यांच्या चवग्राहींची दोन घराणी हाती लागली. पहिले घराणे लहान आहे. त्यात टी१आर१, टी१आर२ आणि टी१आर३ अशी अवघी तीन प्रथिने आहेत, आणि ती जोडीनेच काम करतात. दुसरे व तिसरे एकत्र आले की गोडाचा ग्राही होतो. पहिले व तिसरे एकत्र आले की उमामीचा, म्हणजे मासळीच्या किंवा मटणाच्या रश्श्याला जी भरीव, तोंडात रेंगाळणारी चव असते तिचा. तिसरे प्रथिन दोन्ही जोड्यांत सामाईक असते. प्रत्येक प्रथिनाचा बराचसा भाग पेशीच्या बाहेर डोकावत असतो आणि त्याची घडण तिसऱ्यांच्या शिंपल्यासारखी, म्हणजे बिजागरीवर उघडमीट होणाऱ्या दोन शिंपांसारखी असते. साखरेचा रेणू आत आला की शिंपला मिटतो. या मिटण्याने प्रथिनाचा पेशीत शिरलेला भाग किंचित वळतो आणि पेशीच्या आत निरोपांची साखळी सुरू होते. तिच्या शेवटी एक वाहिनी उघडते, पेशीचा विद्युतभार बदलतो आणि पेशी शेजारच्या चेतातंतूवर एटीपी नावाचे रसायन सोडते.

यातील शेवटच्या वाहिनीचा एक गुण स्वयंपाकघरात रोज अनुभवास येतो. ती उष्णतेलाही प्रतिसाद देते: १५ अंश सेल्सिअसपासून ३५ अंशांपर्यंत तापमान वाढत गेले की गोडाची वर्दी अधिकाधिक जोरकस होत जाते. फ्रिजमधून काढलेला आमरस मिळमिळीत लागतो आणि तोच वाटीत थोडा वेळ राहिला की गोड लागतो, याचे कारण हे आहे. थंड रसात साखर घालण्याची घाई करणाऱ्यांनी दहा मिनिटे थांबावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मांजराच्या बाबतीत काय घडले ते २००५ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरच्या संशोधकांनी दाखवून दिले. टी१आर२ हे प्रथिन बनवण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, त्यातील २४७ अक्षरांचा एक तुकडा मांजरात गळालेला आहे. मधली ओळ गळाल्यामुळे पुढील सर्व मजकूर निरर्थक होतो, प्रथिन बनत नाही, जोडीदार नसल्याने टी१आर३ एकटे पडते आणि गोडाचा ग्राही उभाच राहत नाही. हीच मोडतोड वाघात आणि चित्त्यातही आढळली, अर्थात ती या सर्वांच्या समान पूर्वजात घडलेली असणार. कोकणात ज्याला सरसकट वाघ म्हणतात तो बिबट्याही याच कुळातला. गोठ्यातील वासरू पळवणारा हा प्राणी शेजारी पडलेल्या पिकल्या फणसाकडे ढुंकूनही पाहत नाही.

मांजराने ही गोडी का गमावली, याचे उत्तर साधे आहे. जनुकांत लहानमोठे बिघाड सर्वच प्राण्यांत होत असतात. फळे खाणाऱ्या प्राण्यात गोडाचे जनुक बिघडले तर तो पिकलेले आणि कच्चे यांत फरक करू शकत नाही, त्याचे पोषण ढासळते आणि तो बिघाड पुढच्या पिढ्यांत टिकत नाही. जो प्राणी केवळ मांसावर जगतो, त्याचे त्या बिघाडाने काहीच अडत नाही. वापरात नसलेली पायवाट जशी रान माजून बुजते तसे ते जनुक बुजते. कुत्र्याचा आहार मिश्र असल्याने त्याचे गोडाचे जनुक शाबूत आहे, आणि फुटलेला मोदक त्यालाच मिळतो.

हा एकट्या मांजराचा अपवाद नव्हे. २०१२ साली अनेक मांसाहारी सस्तन प्राण्यांची जनुके तपासली गेली, तेव्हा एकमेकांपासून स्वतंत्रपणे, निरनिराळ्या ठिकाणी मोडलेले टी१आर२ त्यांच्यापैकी बहुतेकांत सापडले. त्यांत ठिपकेदार तरस होते, सील होते आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत खेकडे शोधत फिरणारे लहान नखांचे पाणमांजरही होते. डॉल्फिनची स्थिती तर आणखी टोकाची आहे. मुरुड-हर्णैच्या किंवा तारकर्लीच्या होडीतून पर्यटक ज्यांच्या पाठी पाहून आनंदाने ओरडतात, त्या प्राण्यांच्या गणात गोड, उमामी आणि कडू या तिन्ही चवींच्या ग्राहींची जनुके निकामी झालेली आढळतात. मासा न चावता अख्खा गिळणाऱ्याला आणि तोंड सतत खाऱ्या पाण्याने भरलेल्याला चवीचा उपयोग तरी काय असणार?

वटवाघळे हे याच गोष्टीचे दुसरे टोक. चिकूच्या आणि काजूच्या बागांत रात्री धुमाकूळ घालणाऱ्या फळखाऊ वटवाघळांत गोडाचे जनुक धड आहे, पण तपासलेल्या सर्व वटवाघळांत उमामीचे जनुक हरवलेले वा मोडलेले सापडले. दक्षिण व मध्य अमेरिकेतील रक्त पिणाऱ्या वटवाघळांनी गोडाचा ग्राहीही गमावला आहे. चीनमधील पांडा हा अस्वलाच्या कुळातला, म्हणजे मांसाहाऱ्यांचा वंशज, पण तो बांबू खाऊन जगतो. त्याच्यात टी१आर१ निकामी झाले आहे, म्हणजे मांसाची चव गेली आहे. आहार आणि ग्राही यांचा मेळ प्रत्येक वेळी इतका सरळ बसत नाही. वटवाघळांत किडे खाणारीही आहेत आणि त्यांना उमामी का नको, याचे पटण्याजोगे उत्तर आहाराच्या हिशेबातून निघत नाही.

उमामीचा उल्लेख झालाच आहे तर कोकणाने तिच्याजवळ थोडे थांबायला हवे. हा शब्द जपानी आहे. तोक्यो येथील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळे केले आणि ही स्वतंत्र चव आहे असे मांडले. त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना १९१३ साली कुप्याच्या जातीच्या सुकवलेल्या माशात आणखी एक पदार्थ सापडला. तो इनोसिनेट. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूंतील एटीपी विघटित होत जाते आणि त्यातून इनोसिनेट तयार होते. पुढे असे लक्षात आले की ग्लुटामेट आणि इनोसिनेट एकत्र आले की चव बेरजेने नव्हे, कित्येक पटींनी वाढते. कारण त्या शिंपल्यातच आहे: ग्लुटामेट बिजागरीजवळ बसून शिंपला मिटवते आणि इनोसिनेट शिंपांच्या कडेशी बसून मिटलेला शिंपला तसाच धरून ठेवते. टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असते आणि सुक्या बांगड्यात इनोसिनेट. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्यावर भाताबरोबर सुक्या मासळीचे आणि टोमॅटोचे कालवण करणाऱ्या घराघरांतून हे रसायनशास्त्र तोंडपाठ होते, फक्त त्याला नाव नव्हते. (जपान्यांनी ‘कोकुमी’ नावाच्या आणखी एका अनुभवाचेही वर्णन केले आहे, आपल्या कोकमाशी त्याचे नाते नाही.)

येथेही मांजर वेगळेच निघाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मांजराच्या उमामी ग्राहीवर नुसत्या ग्लुटामेटचा परिणाम होत नाही, कारण ते जेथे बसते तेथील महत्त्वाच्या जागा मांजरात बदललेल्या आहेत. त्याचा ग्राही इनोसिनेटसारख्या पदार्थांनी उघडतो आणि विशिष्ट अमिनो आम्लांनी तो परिणाम वाढतो. म्हणजे विळीपाशी धावत येणारे मांजर आणि ताटावर बसलेले आपण एकाच बांगड्याची चव घेत नसतो.

ग्राहींचे दुसरे घराणे, टी२आर, कडू चवीचे आहे आणि ते मोठे आहे. माणसात त्याची सुमारे २५ जनुके कार्यरत आहेत, उंदरात सुमारे ३५, मांजरात डझनभर आणि कोंबडीत अवघी ३. गोडाला एक ग्राही पुरतो आणि कडूला पंचवीस लागतात, यामागे कारण आहे. शक्ती देणाऱ्या शर्करा एकमेकींसारख्या असतात. वनस्पतींनी स्वतःच्या बचावासाठी तयार केलेली विषे मात्र रासायनिकदृष्ट्या नाना कुळांतली असतात. त्यांतील प्रत्येकाला ओळखणारा कोणीतरी पहारेकरी लागतो. परंतु एकाच कडू-पेशीवर या घराण्यातील अनेक ग्राही असतात, त्यामुळे मेंदूला कोणता पहारेकरी ओरडला हे कळत नाही, फक्त आरोळी कळते. कारले, कडुनिंब आणि क्विनीन ही रसायने वेगळी असूनही सर्व कडूच लागतात.

ही आरोळी गंभीरपणे घ्यायला हवी. काकडी, दुधी, पडवळ यांच्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. धोंडस करण्यासाठी मोठी काकडी किसण्यापूर्वी तिचा काप चाखून पाहण्याची जी पद्धत आहे ती केवळ पदार्थ बिघडू नये म्हणून नाही. कडू दुधीचा रस औषध म्हणून डोळे मिटून प्यायल्याने भारतात माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. कडू लागलेला दुधी टाकून द्यावा, यात दुसरा विचार नको.

कडूच्या बाबतीत माणसामाणसांतही फरक असतो आणि तो अपघाताने उघडकीस आला. १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून पीटीसी नावाची पूड हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याचे तोंड कडू झाले, फॉक्स यांना काहीच लागले नाही. हा फरक आनुवंशिक आहे हे लवकरच कळले आणि २००३ साली त्यामागील जनुक सापडले. ते टी२आर घराण्यातलेच एक आहे. कोबी, मुळा, मोहरी यांच्या कुळातील काही द्रव्यांची रचना पीटीसीशी मिळतीजुळती असल्याने एकाच पंगतीतील दोघांना मुळ्याची भाजी वेगवेगळी लागू शकते. न खाणाऱ्या मुलाला लाडावलेले म्हणण्यापूर्वी हे आठवावे.

आंबट आणि खारट यांचा व्यवहार निराळा आहे. तेथे शिंपला नसतो; पेशीच्या भिंतीत थेट वाहिन्या असतात. आंबट म्हणजे हायड्रोजनचा आयन. २०१८ साली ओटॉप-१ नावाची वाहिनी आंबटासाठी जबाबदार असल्याचे पुढे आले: कोकमातील हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असो वा चिंचेतील टार्टारिक, त्यांतून सुटलेला आयन या वाहिनीतून पेशीत शिरतो. खारटासाठी उंदरांत सोडियमची स्वतंत्र वाहिनी आहे. मीठ बेताचे असेल तर हीच वाहिनी बोलते आणि पेज रुचकर लागते. मीठ फार झाले की कडू आणि आंबट ओळखणाऱ्या पेशीही जाग्या होतात आणि तोंड वाकडे होते.

मग तिखटाचे काय? आयुर्वेदाने मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय असे सहा रस मानले. येथे शब्दांची एक गंमत आहे: संस्कृतातील ‘कटु’वरून मराठीत ‘कडू’ आले, पण आयुर्वेदाचे कटु म्हणजे आपले तिखट आणि तिक्त म्हणजे आपले कडू. ग्राहींच्या हिशेबाने तिखट आणि तुरट या चवीच नव्हेत. मिरचीतील कॅप्सायसिन ज्या ग्राहीला चिकटते तो वेदनेच्या तंतूंवर असतो आणि एरवी सुमारे ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखतो. म्हणून तिखटाने तोंड भाजल्यासारखे होते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने हा ग्राही १९९७ साली शोधला आणि २०२१ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. पक्ष्यांत या ग्राहीची घडण अशी आहे की कॅप्सायसिन त्याला उघडू शकत नाही. पोपट मिरची आवडीने खातो त्यात शौर्य नाही. काजूच्या बोंडाचा तुरटपणा हा तर स्पर्श आहे: टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून टाकते, तोंडातील वंगण जाते आणि जीभ टाळ्याला घासू लागते. बांगड्याच्या तिखल्यातील तिरफळाची झिणझिण अशीच स्पर्शाच्या घरची. तिरफळाच्या चिनी भाईबंदाने ओठांवर येणारी थरथर प्रयोगात मोजली गेली, तेव्हा ती सेकंदाला सुमारे ५० कंपनांइतकी भरली.

पदार्थाच्या गोडीपासून गोडाचा अनुभव किती सुटा आहे, याचा सर्वांत बोलका पुरावा उंदरांनी दिला. चार्ल्स झुकर आणि निकोलस रिबा यांच्या गटांनी २००३ साली असे उंदीर तयार केले की ज्यांच्या गोड-पेशींवर एक परका ग्राही बसवलेला होता. तो एका औषधाला प्रतिसाद देत असे, ज्यात साध्या उंदरांना काडीचाही रस नव्हता. हे उंदीर ते औषध मिटक्या मारीत पिऊ लागले. पुढे तोच ग्राही दुसऱ्या उंदरांच्या कडू-पेशींवर बसवला, तेव्हा तेच औषध त्यांनी नाकारले. द्रव्य एकच, कोणत्या पेशीचे दार वाजले एवढ्यावर त्याचे अमृत किंवा विष ठरले.

माणसालाही थोड्या वेळासाठी मांजर होता येते. कोकणच्या रानांत गुडमार नावाची वेल आढळते. तिच्या पानातील जिम्नेमिक आम्ले टी१आर३ ला चिकटून गोडाचा ग्राही बंद पाडतात. उंदराचे टी१आर३ थोडे वेगळे असल्याने त्याच्यावर या पानाचा परिणाम होत नाही. माणसावर मात्र अर्धा तास ते तासभर होतो. वेलीची खात्रीशीर ओळख असलेल्या माणसाकडून पान घेऊन आम्ही ते चावले, थुंकले आणि मोदक खाल्ला. उकडीची मऊ पारी होती, तूप होते, वेलचीचा वास होता, खोबऱ्याचा रवाळपणा दाताखाली येत होता. गूळ कोठेही नव्हता. त्याच्या जागी काहीतरी ओलसर, किंचित खारट आणि निरुद्देश असे तोंडात फिरत होते, आणि आमच्यापैकी एकाने उरलेला अर्धा मोदक न बोलता मागील दारी नेऊन ठेवला.